कुंड्यांमागची देवता

दाऊदमास्तर ग्रीक देवांविषयी बोलू लागले की नव्या माणसाला वाटे, ही मंडळी शनिवार पेठेतच कुठेतरी दोन खोल्या घेऊन राहतात. "ज्युपिटर माणूस वाईट नाही हो बाई, पण बायकोचा धाक फार. म्हणून तर वेष बदलून हिंडतो." किंवा, "अपोलोला रोज पहाटे उठून सूर्याचा रथ काढायचा. रविवारची सुट्टी नाही. चेहरा त्रासलेलाच असणार." हे सगळं जमिनीवर पसरलेल्या कापडाला बांबूला बांधलेल्या ब्रशाने निळा रंग देता देता, माझ्याकडे न बघता.

मास्तर नाटकाचे पडदे रंगवत. ज्यांनी असे पडदे पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी नाटक सुरू होण्याआधी समोर एक रंगवलेला पडदा असे. तोच दर्शनी पडदा. तो खालच्या वाशावर गुंडाळत वर जाई आणि मग नाटक दिसे. तोवर प्रेक्षकांनी काय बघायचं, तर त्यावरचं चित्र. बहुतेक पडद्यांवर राजवाडा असे, नाहीतर कारंजं. मास्तरांच्या पडद्यांवर ग्रीक देव असत, रोमन नावांचे, आणि तेही फ्रान्समधून आलेले.

त्याला कारण एक पुस्तक. मास्तरांनी ते तरुणपणी जुन्या बाजारातून आणलं होतं. मोठं, जाड, इंग्रजी, आणि त्यात दोनेकशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रकारांची चोवीस रंगीत चित्रं. प्रत्येक चित्रावर पतंगाच्या कागदासारखा एक पातळ कागद, आणि त्या कागदावर चित्राचं नाव आणि दोन ओळींत माहिती. मास्तर मराठी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी एका ओळखीच्या कारकुनाकडून ते चोवीस कागद वाचून घेतले आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून ठेवला. त्यानंतर पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं नाही. गरजही पडली नाही.

चित्रकलेच्या एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं की या शैलीला रोकोको म्हणतात. मी अर्थ विचारला तेव्हा मास्तर म्हणाले, "रोकोको म्हणजे सगळं गुलाबी, आणि कुणालाच कामधंदा नाही." पुढे मी या विषयावरचे दोन लेख वाचले. त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती उंदरांमुळे. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सगळं सामानही माझ्या ताब्यात होतं, कारण किल्ल्या न हरवणारी मी एकटीच होते. एका दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी आमच्या सभागृहाचा जुना पडदा खाल्ला. राजवाडा पूर्ण गेला, फक्त एक भालदार उरला. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, साधी तपकिरी मखमल आणा. अध्यक्षांना शाळेत लाल रिबीनसुद्धा भडक वाटत असे. पण आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, त्यांनी लहानपणी कुठेतरी रंगवलेला पडदा पाहिला होता आणि तो त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी मला मास्तरांकडे पाठवलं.

त्यांचा कारखाना म्हणजे एके काळचा घोड्यांचा तबेला. आत पाऊल टाकलं की आधी वास येई. पुडीच्या रंगात मिसळायचा सरस स्टोव्हवर शिजत असे, आणि सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा असतो, हे तो वास लपवत नसे. मी नाकाला पदर लावला. मास्तर म्हणाले, "सात मिनिटं लागतात." खरोखरच सात मिनिटांनी वास जाणवेनासा झाला. घरी गेल्यावर मात्र सासूबाईंनी मला दारातच उभं केलं.

मास्तर तेव्हा साठीच्या पुढचे. उंच, किडकिडीत, पायजम्यावर रंगाचे इतके थर की तो खुंटीवर न टांगता भिंतीला टेकवून ठेवता आला असता. त्यांची काम करायची रीत ठरलेली. आधी ढग, माणसं मागाहून. "माणसं आधी काढली की ढगाला जागा उरत नाही, आणि ढग नसला की माणूस पडतो," असं ते म्हणत. पडदा जमिनीवर आणि आपण त्याच्यावर उभे, मग शेवटच्या रांगेतून तो कसा दिसेल हे कळणार कसं? त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी दुर्बीण होती. शिडीवर चढून ते ती उलटी डोळ्याला लावत. सगळं लांब आणि इवलंसं दिसे. मी एकदा त्यांच्या शिडीखाली उभी होते. वरून म्हणाले, "बाई, तुम्ही शेवटच्या रांगेतून बऱ्या दिसता." मी म्हटलं, "माझ्या वर्गातल्या मुलीही हेच म्हणतात."

पण या माणसाने आयुष्यात एकाही पडद्याखाली आपलं नाव घातलं नव्हतं. रीत अशी की पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते, त्यात डावीकडे चित्राचं नाव आणि उजवीकडे चित्रकाराचं. मास्तरांची उजवी बाजू नेहमी कोरी. मी कारण विचारलं तर त्यांनी मला बैलाची हकीकत सांगितली.

हडपसरच्या बाजूच्या एका गावाने जत्रेतल्या नाटकासाठी पडदा सांगितला होता. मास्तरांनी त्यांना पुस्तकातलं बैलाचं चित्र दाखवलं. ज्युपिटर पांढऱ्या बैलाचं रूप घेतो आणि युरोपा नावाच्या राजकन्येला पाठीवर बसवून समुद्र पार करतो. पाटील आणि आणखी दोघे चित्राभोवती बसले.

"बैल झ्याक हाय," पाटील म्हणाले. "पर ही बाई बैलावर कशापायी बसली हाय? पडंल की!"

"राजकन्या आहे. देव तिला घेऊन चाललाय."

"असंल. पर बाईमाणूस बैलावर बसत न्हाई. गावात तोंड दाखवायचं हाय आमाला. गाडी काढा."

"समुद्रात गाडी?"

"बैल पवतोय, मग गाडी का न्हाई पवणार?" दुसरा म्हणाला. "आन बैल एक कसा? जोडी पायजे. आमचा सर्जा काढा, शेजारी ह्यो तुमचा पावना बैल."

मास्तरांनी काढलं. युरोपा बैलगाडीत बसून, डोक्यावर पदर घेऊन, समुद्र पार करून गेली. ज्युपिटरच्या शेजारी जुवाला सर्जा. गाव एवढं खूश झालं की पडद्याला नारळ फोडला. "त्याच्याखाली माझं नाव घालू?" मास्तरांनी मला विचारलं. चित्रातलं फक्त पाणी आपलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

असंच प्रत्येक वेळी झालं होतं. कुणाला देवीच्या कडेवर स्वतःचा मुलगा हवा, कुणाला मागे पर्वती हवी. आता नाटक कंपन्या पडदे सांगत नव्हत्या. पडद्यांच्या जागी रंगमंचावर लाकडी चौकटी आणि सोफे आले होते. सिनेमाच्या जाहिराती रंगवायला मास्तर तयार नव्हते, कारण त्यात ढग नसतात. आमचा पडदा हा बहुधा शेवटचा, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी मोठ्या बाईंना एकच अट घातली. "चित्र मी निवडणार. बदल कुणी सांगायचा नाही. आणि खाली माझं नाव येणार."

"चित्र कसलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पुस्तक उघडलं. समुद्रातून वर आलेला प्रचंड शिंपला, त्यात रेलून बसलेली गोरी, गुलाबी, प्रसन्न बाई. वर कबुतरं, भोवती पंखवाली गुबगुबीत मुलं, एकाच्या हातात आरसा, एकाच्या हातात बाण. बाईच्या अंगावर एक मोत्यांची माळ. बाकी काही नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मास्तर, ही मुलींची शाळा आहे."

"म्हणून तर हीच आणली," मास्तर म्हणाले आणि पातळ कागदावरचा मराठी मजकूर दाखवला. मिनर्व्हा. विद्येची देवता. "ग्रीकांची सरस्वती आहे, बाई. ही मुलं म्हणजे विद्यार्थी. बाण दिसतो तो बोरू. कबुतरं चिठ्ठ्या नेतात, म्हणजे साक्षरता आली. आरशात आपल्या चुका दिसतात."

"आणि कपडे?"

"ढग आहेत ना चित्रात. ते डाव्या बाजूला गेलेत. मी वारा जरा उजवीकडे फिरवतो. हा बदल माझा, तुमचा नाही."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वारा चांगला जोराचा सुटू द्या."

दोन महिने मास्तर त्या पडद्यावर होते. मी अधूनमधून जात असे. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेल्या त्या प्रचंड कापडावर ती बाई रोज थोडी थोडी उगवत होती. मला चित्रातलं कळत नाही. पण तिच्या पायाशी फुटणाऱ्या लाटेकडे बघून मला दोनदा साडी वर उचलून घ्यावीशी वाटली, एवढं सांगते. पट्टीत डावीकडे त्यांनी सुबक अक्षरांत 'विद्यादेवता' लिहिलं. उजवीकडे 'दाऊद शिकलगार' लिहायला एक पूर्ण सकाळ घेतली. फातिमाभाभी, म्हणजे त्यांची बायको, जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "निकाहनाम्यावर सही करायला एवढा वेळ नव्हता लागला."

संमेलनाला आठ दिवस होते. वाशाची लांबी मोजायला मी तबेल्यात गेले. मास्तर सरस ढवळत होते. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बसा, बघत बसा." मी बघत बसले. चित्रं बघून झाली तेव्हा कोपरे बघितले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक रोमन आकडा होता आणि प्रत्येक पातळ कागदाच्या कोपऱ्यातही. रोमन आकडे मी पाचवीला शिकवत असे. आमच्या देवतेच्या चित्रावर चौदा होता. तिच्यावरच्या कागदावर अकरा.

"मास्तर, हे पुस्तक कधी सुटं झालं होतं का?"

"आणलं तेव्हा सुटंच होतं. मेव्हण्यानं बांधून दिलं. नंतर मग कागद वाचून घेतले."

"तुमच्या मेव्हण्यांना रोमन आकडे येतात?"

"त्याला मराठीही येत नाहीत. का?"

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण चुकलेलं उत्तर समोर दिसत असताना बरोबरची खूण करायची मला सवय नाही. मी सांगितलं. मास्तरांनी स्टोव्ह बंद केला. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून चोवीस चित्रं आणि चोवीस कागद जुळवले. योग्य जागी एकच कागद होता, बैलाचा. द्राक्षांचे घड लावून गाडीत झिंगून पडलेला जो जाडा माणूस मास्तरांनी एका वैद्यांच्या नाट्यमंडळाला धन्वंतरी म्हणून काढून दिला होता, तो मद्याचा देव निघाला. "मी तर म्हणायचो, औषध स्वतः चाखून बघतोय," मास्तर हळूच म्हणाले.

आणि आमची विद्यादेवता निघाली व्हीनस. प्रीतीची देवता.

"मग विद्येची कुठली?"

मी अकरावं चित्र काढलं. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, ढाल, कपाळाला आठी. मास्तरांनी चित्र उजेडाकडे धरलं.

"हिला मी पस्तीस वर्षं प्रेमाची देवता समजतोय," ते म्हणाले. "एका मंगल कार्यालयात हीच काढली. वधूवरांच्या मागे. मालक म्हणाला, भाला कशाला? मी म्हटलं, संसार आहे, लागेल."

मला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. ते उठले, पडद्याशी गेले आणि त्या पट्टीकडे बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नाव घातलं होतं, आणि ते खोट्या नावाच्या शेजारी.

मी म्हटलं, "मास्तर, हे तुम्हाला माहीत आणि मला. तिसऱ्याला कळायचं कारण नाही."

"तिला माहीत आहे ना," मास्तर पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले आणि टोपी घालून निघाले. मी मागोमाग.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चित्र कसं झालंय?"

"माझ्या हातून याहून चांगलं झालेलं नाही. होणारही नाही."

"मग राहू द्या. नावही आहे तेच राहू द्या. आमच्याकडे विद्या द्यायला शिक्षिका आहेत. पडद्यावर आमची भिस्त नाही."

"तसं असेल तर माझं नाव पुसतो. खोट्या नावाशेजारी नाही राहणार ते."

"आणि मी तिथे 'प्रीतिदेवता' लिहू दिलं, तर अध्यक्ष पडदा लावू देतील? सहाशे मुलींपुढे?"

"मग नका लावू."

मोठ्या बाई चिडल्या. त्यांना पडदा हवा होता. मास्तरांनाही तो लागायला हवा होता. दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघू लागली, जसं काही पुस्तक मीच बांधलं होतं. मी विचारलं, "मास्तर, ती पट्टी किती इंचांची?"

"नऊ."

"शाळेतल्या शेवंतीच्या कुंड्या रोपासकट दीड फूट भरतात. रंगमंचाच्या कडेला ओळीने ठेवल्या तर शोभाही येते. पडदा वर जातानाही पट्टीच आधी गुंडाळली जाते. खरं नाव लिहा, कुंड्या मी ठेवते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "गणितवाल्यांना नीती कमी असते." पण मान हलवली.

मास्तरांना हिशेब कळायला वेळ लागला. कुंड्यांमागे देवतेचं नाव जाणार होतं आणि त्यांचंही. त्यांनी टोपीवरचा रंगाचा डाग नखाने खरवडला. शेवटी म्हणाले, "लिहिलेलं खरं असलं म्हणजे झालं." त्यांना ते पटलं नव्हतं हे दिसतच होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी 'विद्यादेवता' पुसून 'प्रीतिदेवता' लिहिलं.

अध्यक्षांनी पडदा पाहिला, म्हणाले, "ढग जरा जास्त झालेत." बस.

त्यानंतर आठ वर्षं दर संमेलनाला शिपाई वीस कुंड्या उचलून आणत आणि मी त्या फूटपट्टी लावल्यासारख्या ओळीत ठेवत असे. मास्तर दर वर्षी येत. नाटक त्यांना कधीच कळलं नाही. पडदा खाली आला की जागे होत आणि वर गेला की पेंगत. कुंड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते नवव्या वर्षी. संमेलनाच्या दिवशी सकाळीच ते आले. हातात काठी, अंगात कडक इस्त्रीची शेरवानी, जी मी त्यांच्या अंगावर कधी पाहिली नव्हती. शिपाई पहिली कुंडी घेऊन येत होता.

"बाई," मास्तर म्हणाले, "या वर्षी कुंड्या नकोत."

"अध्यक्ष पहिल्या रांगेत असतात, मास्तर."

"असू देत. मी शेवटच्या रांगेत आहे. त्यांनी विचारलं, ही इथे कशाला, तर मी उत्तर देतो. माझं उत्तर तयार आहे."

"पडदा काढून टाकायला सांगितला तर?"

"तर काढा. पण एकदा वाचू दे लोकांना."

मी मोठ्या बाईंना विचारलं नाही. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, त्यांना कशाला त्रास. शिपायाला म्हटलं, कुंड्या जिन्यावर ठेव.

संध्याकाळी सभागृह भरलं, दिवे लागले. पट्टीवरची अक्षरं लखलखीत दिसत होती. प्रीतिदेवता. दाऊद शिकलगार. मी विंगेतून अध्यक्षांवर नजर ठेवून होते. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पत्नीकडे झुकून काहीतरी म्हणाले. पत्नीने बटव्यातून त्यांना लवंग काढून दिली. मुलींच्या रांगांतून थोडं हसू उठलं आणि विरलं. एका पालकांनी दुसऱ्यांना विचारलं, "सुरू किती वाजता होणार?" आणि पडदा वर गेला.

आठ वर्षं, दर वर्षी वीस कुंड्या, जाऊन येऊन. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि सोडून दिला.

मध्यंतरात मास्तर काठी टेकत विंगेत आले. शेरवानीची सगळी बटणं लावलेली.

"विचारलं कुणी?"

"नाही."

"अध्यक्षांनी?"

"त्यांना लवंग मिळाली."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, मास्तर."

त्यांनी शेरवानीचं वरचं बटण सोडलं. मी इतकं निराश झालेलं माणूस क्वचित पाहिलंय. पडदा काढून टाका असं कुणी म्हटलं असतं तर ते ताठ मानेने घरी गेले असते. पहिली घंटा झाली. मुली मिशा चिकटवत धावत होत्या, राजाचा मुकुट सापडत नव्हता, आणि तो माझ्याच कपाटात होता.

मी किल्ली एका मुलीच्या हातात दिली. स्टूल ओढून मास्तरांपुढे ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, ही बाई कोण? आणि मुलींच्या शाळेत हिचं काय काम?"

मास्तर स्टुलावर बसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि जणू समोर सहाशे माणसं आहेत अशा आवाजात सुरुवात केली. "हिचं नाव व्हीनस. हिला लिहिता-वाचता येत नाही. लढता येत नाही. स्वयंपाकाचं तर विचारूच नका. पण ही समुद्रातून वर आली नसती, तर वरच्या देवांपैकी एकानेही एकही काम मनापासून केलं नसतं..."

दुसरी घंटा झाली तेव्हा ते कबुतरांपर्यंत आले होते. त्या वर्षी दुसरा अंक नऊ मिनिटं उशिरा सुरू झाला. मोठ्या बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं, दोरी अडकली होती.